तळटिपेंतील ज्योतिर्विद

एखाद्या शास्त्रज्ञानें नवा निबंध लिहिला म्हणजे ज्यांच्या कामाचा त्यानें आधार घेतला असेल त्यांचीं नांवें पानाच्या तळाशीं किंवा निबंधाच्या अखेरीस द्यावयाचीं, हा शास्त्रीय जगांतील शिष्टाचार आतां पुष्कळ जुना झाला आहे. ऋण मान्य करण्याचीच ही एक रीत होय. परंतु सावकाराच्या वहीप्रमाणें या ऋणांचीहि कोणी तरी एकत्र नोंद ठेवावी, आणि कोणाच्या नांवावर किती जमा आहे तें मोजावें, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रुजली. आज विद्यापीठांतील नेमणुका, बढत्या व संशोधनासाठीं मिळणारें द्रव्य यांचा निर्णय बऱ्याच अंशीं या मोजणीवर होतो. तेव्हां ही मोजणी नेमकें काय मोजते हा प्रश्न केवळ ग्रंथपालांचा राहिलेला नाहीं. ज्योतिःशास्त्राच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासांतून त्याचें जें उत्तर निघतें तें असें कीं, निबंध वाचकांपर्यंत किती दूर पोहोंचला हें ती सांगते. त्याचें वजन किती, हें सांगतेच असें नाहीं.

ज्योतिर्विदांचीं नियतकालिकें तशीं जुनीं आहेत. जर्मन भाषेंतील ‘अ‍ॅस्ट्रोनोमिश नाखरिख्टेन’ हें हाइनरिख शूमाखर यांनीं १८२१ सालीं आल्टोना येथें सुरू केलें व तें आजहि चालू आहे. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचें ‘मंथली नोटिसेस’ १८२७ पासूनचें. अमेरिकेंत जॉर्ज एलरी हेल व जेम्स कीलर यांनीं १८९५ मध्यें ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ काढलें. ताऱ्यांच्या स्थानांपेक्षां त्यांच्या घटनेकडे लक्ष देणाऱ्या नव्या शास्त्राचें तें मुखपत्र ठरलें. यांखेरीज मोठमोठ्या वेधशाळा आपले वेध स्वतःच्या ग्रंथमालेंत छापीत आणि एकमेकींस भेट म्हणून पाठवीत. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं १८९८ च्या जानेवारींत जेऊर येथें खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. त्यांचा वृत्तांत असाच वेधशाळेच्या स्वतःच्या ग्रंथांत १९०२ सालीं प्रसिद्ध झाला. १९१२ मध्यें ती वेधशाळा बंद झाली व तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. वेधशाळाच उरली नाहीं, तेथें तिच्या ग्रंथमालेची विचारपूस कोण करणार?

निबंध कोठें छापला जातो यावर त्याचें भवितव्य किती अवलंबून असतें, याचें सर्वांत बोलकें उदाहरण मेघनाद साहा यांचें आहे. १९१७ सालीं साहा कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजांत अध्यापक होते. वय चोविशीच्या आंतबाहेर. प्रकाश ज्या पदार्थावर पडतो त्यास किंचित् ढकलतो, ही गोष्ट त्या काळीं ठाऊक होती. साहांच्या मनांत असें आलें कीं, हा दाब सर्व परमाणूंवर सारखा पडणार नाहीं. प्रत्येक जातीचा परमाणु प्रकाशांतील स्वतःचे ठराविक रंगच तेवढे शोषून घेतो; म्हणून सूर्याच्या प्रकाशांत ज्याच्या वांट्याचे रंग तेजस्वी असतील तो परमाणु अधिक जोरानें वर उचलला जाईल. सूर्याच्या वातावरणांत कॅल्शियमसारखें जड द्रव्य इतक्या उंचीवर कसें तरंगतें, या कोड्याची किल्ली त्यांत होती. या विषयावर एक विस्तृत निबंध लिहून त्यांनीं तो ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे धाडला.

संपादकांचें उत्तर आलें तें असें कीं, निबंध लांब आहे. छपाईच्या खर्चाचा कांहीं भाग लेखक सोसणार असेल तर छापूं. ती रक्कम डॉलरांच्या तीन आंकडी संख्येंत होती. कलकत्त्यांतील तरुण अध्यापकास ती झेपण्यासारखी नव्हती, व त्यानें तसें प्रांजळपणें कळविलें. पुढें निबंधाचें कांहीं झालें नाहीं. १९१९ मध्यें त्याच नियतकालिकांत साहांचें एक लहानसें टिपण तेवढें आलें. मूळ निबंधाची दुसरी प्रत विद्यापीठाच्या स्वतःच्या शास्त्रीय पत्रिकेंत छापली गेली. ती पत्रिका युरोप-अमेरिकेंतील किती ज्योतिर्विदांच्या मेजावर जात असेल, याची कल्पना कोणासहि करतां येईल.

पुढें कांहीं वर्षांनीं इंग्लंडांत एडवर्ड मिल्न यांनीं याच विषयाची सविस्तर उभारणी केली आणि त्यांचें नांव झालें. मिल्न हे प्रामाणिक गृहस्थ होते. ‘मंथली नोटिसेस’च्या ८४ व्या खंडांतील आपल्या निबंधांत त्यांनीं साहांच्या कामाचा तळटिपेंत निर्देश केला आहे. परंतु ती तळटीप कोणाच्या लक्षांतच आली नाहीं, असें साहांनीं उतारवयांत एका पत्रांत लिहून ठेवलें. कागदावर ऋण फिटलें. व्यवहारांत तें फिटलें असें म्हणवत नाहीं.

आतां याच साहांची दुसरी कथा पाहावी. १९२० च्या आक्टोबरांत लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्यें सूर्याच्या वातावरणांतील परमाणूंच्या विद्युद्भाराविषयीं त्यांचा निबंध आला. तपमान व दाब दिला असतां एखाद्या वायूंतील किती परमाणूंचा एक इलेक्ट्रॉन सुटून जाईल, हें काढण्याचें समीकरण त्यांत होतें. या एका समीकरणानें ताऱ्यांच्या वर्णपटांचें सारें कोडें उलगडलें. निरनिराळ्या ताऱ्यांच्या वर्णपटांत दिसणारा भेद हा मुख्यतः त्यांतील द्रव्यांचा भेद नसून त्यांच्या तपमानाचा भेद आहे, हें त्यावरून स्पष्ट झालें. साहा त्यानंतर लंडनला आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेंत गेले, तेथील ताजी सामग्री घेऊन त्यांनीं आपला सिद्धांत पुन्हां मांडला, व तो १९२१ मध्यें रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत प्रसिद्ध झाला. लंडनमध्यें छापलेला हा सिद्धांत ताबडतोब सर्वत्र पोहोंचला. अमेरिकेंत हेन्री नॉरिस रसेल, इंग्लंडांत मिल्न व राल्फ फाउलर यांनीं तो पुढें नेला. आणि हार्वर्ड येथें सिसिलिया पेन यांनीं १९२५ सालच्या प्रबंधांत त्याच समीकरणाच्या साहाय्यानें ताऱ्यांतील द्रव्यांचीं प्रमाणें काढलीं. लेखक तोच, बुद्धि तीच. फरक पडला तो छापखान्याच्या पत्त्यांत.

बेल्जममधील लूव्हाँचे धर्मगुरु व गणिती जॉर्ज लमेत्र यांच्या बाबतींत पैशांचा प्रश्न नव्हता, तर भाषेचा व स्थानाचा होता. विश्व प्रसरण पावत आहे आणि म्हणूनच दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर पळतांना दिसतात, हें त्यांनीं १९२७ सालीं फ्रेंच भाषेंत, ब्रुसेल्सच्या शास्त्रीय संस्थेच्या वार्षिकांत मांडलें. उपलब्ध वेधांवरून प्रसरणाचा वेगहि त्यांनीं काढला होता. निबंधाची प्रत त्यांनीं आपले केंब्रिजचे गुरु आर्थर एडिंग्टन यांस पाठविली. एडिंग्टन तो निबंध साफ विसरून गेले. दोन वर्षांनीं, १९२९ मध्यें, एडविन हबल यांनीं अमेरिकेंतील वेधांवरून दीर्घिकांचें अंतर व वेग यांचा संबंध प्रसिद्ध केला, आणि तो नियम हबल यांच्याच नांवानें जगांत रूढ झाला. १९३० मध्यें एडिंग्टन याच प्रश्नावर अडखळत असल्याचें वाचून लमेत्र यांनीं गुरूंना आपल्या निबंधाची आठवण करून दिली. मग एडिंग्टन यांनीं मोठ्या उत्साहानें त्याचा पुरस्कार केला व १९३१ मध्यें ‘मंथली नोटिसेस’नें त्याचें इंग्रजी भाषांतर छापलें.

गंमत पुढेंच आहे. वेधांवरून प्रसरणाचा वेग ज्या परिच्छेदांत काढला होता, तोच या भाषांतरांत नाहीं! पुढें कित्येक वर्षांनीं हें वैगुण्य लोकांच्या लक्षांत आलें, तेव्हां हबल यांचें श्रेय राखण्यासाठीं कोणी मुद्दाम कात्री चालविली असावी, असा तर्क निघाला. मारिओ लिव्हिओ यांनीं २०११ मध्यें सोसायटीच्या दप्तरांतून मूळ पत्रव्यवहार शोधून काढला तेव्हां त्या तर्काचा निकाल लागला. भाषांतर स्वतः लमेत्र यांचेंच होतें. हबल यांचे नवे व अधिक वेध प्रसिद्ध झाले असतां आपला जुना, तात्पुरता हिशेब पुन्हां छापण्यांत स्वारस्य नाहीं, असें त्यांनींच संपादकांस कळविलें होतें. श्रेयाविषयीं इतका निःसंग मनुष्य विरळा. पण इंग्रजी वाचणाऱ्या जगानें पाहिला तो १९३१ चा निबंध, आणि पुढें जे उल्लेख झाले ते त्याला धरून. २०१८ मध्यें आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद संघाच्या सभासदांनीं मत देऊन त्या नियमास ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणावें अशी शिफारस केली; मत देणाऱ्यांपैकीं शेंकडा ७८ जण अनुकूल होते. एक्याण्णव वर्षांनीं का होईना, नांव जोडलें गेलें.

उल्लेखांच्या मोजणीचा जन्म मात्र ज्योतिःशास्त्रांत झाला नाहीं. तो वकिलांच्या कचेरींत झाला. जुना निवाडा पुढें कोणकोणत्या खटल्यांत आधारादाखल घेतला गेला याची यादी अमेरिकन वकिलांसाठीं शेपर्ड नांवाच्या गृहस्थानें १८७३ पासून छापावयास आरंभ केला होता. तीच युक्ति शास्त्रीय निबंधांस लावावी असें फिलाडेल्फियाचे यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ मध्यें सुचविलें आणि १९६४ पासून प्रत्यक्षांत आणलें. मूळ हेतु शोध घेण्याचा होता. एका जुन्या निबंधापासून पुढें कोण कोण निघाले हें पाहावयाचें, म्हणजे विषयाचा धागा सांपडतो. वंशावळ काढण्यासाठींच हें साधन होतें. पण ज्या यादींत संख्या आहे तिच्यावरून क्रमांक लावण्याचा मोह मनुष्यास आवरत नाहीं. प्रथम नियतकालिकांचे क्रमांक लागले: आदल्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा चालू वर्षीं सरासरी किती वेळां उल्लेख झाला, तो त्या नियतकालिकाचा प्रभाव. मग २००५ मध्यें कॅलिफोर्नियाचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनीं माणसांसाठींहि एक आंकडा काढला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकीं निदान वीस वेळां उल्लेख झाला असेल, त्याचा आंकडा वीस. मोठें सोपें गणित. समित्यांना तें फार आवडलें यांत नवल नाहीं.

दोन वर्षांची ही मुदत ज्योतिःशास्त्रास कितपत मानवते? १९७१ पासून १९९९ पर्यंत ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादक असलेले हेल्मट अ‍ॅब्ट यांनीं जुन्या निबंधांच्या उल्लेखांचा वर्षानुवर्षांचा हिशेब मांडला. त्यांना असें आढळलें कीं, ज्योतिःशास्त्रांतील निबंधाचे उल्लेख सुमारें पांचव्या वर्षीं सर्वांत अधिक होतात आणि नंतर फार सावकाश ओसरतात. आकाशाचे जुने वेध शिळे होत नाहींत. शंभर वर्षांपूर्वींच्या एखाद्या ताऱ्याच्या तेजाची नोंद आजच्या संशोधकास सोन्यासारखी वाटते. अशा शास्त्राला दोन वर्षांच्या मापानें मोजणें म्हणजे आंब्याच्या झाडाची किंमत दुसऱ्या पावसाळ्यांत ठरविणें होय.

गारफील्ड यांच्या यादीच्या आरंभींच्याच काळांतील एक प्रकरण या सर्वांहून शिकवण्यासारखें आहे. आपल्या शरीरांतील कार्बन, प्राणवायु, लोह हीं द्रव्यें ताऱ्यांच्या पोटांत शिजलीं, ही कल्पना केंब्रिजचे फ्रेड हॉइल यांची. त्यांचें नांव मराठी वाचकांस परकें नाहीं. कोल्हापुरांत जन्मलेले व पुढें पुण्याची आयुका ही संस्था उभारणारे जयंत नारळीकर हे त्यांचे शिष्य. १९५४ मध्यें ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’च्या पुरवणीच्या पहिल्याच खंडांत हॉइल यांनीं एकट्यानें लिहिलेला निबंध आला. प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्यांत कार्बनपासून निकेलपर्यंतचीं द्रव्यें थरावर थर कशीं तयार होतात हें त्यांत सांगितलें होतें. तीन वर्षांनीं, १९५७ मध्यें, मार्गारेट व जेफ्री बर्बिज हें दांपत्य, विल्यम फाउलर आणि हॉइल अशा चौघांनीं मिळून भौतिकशास्त्राच्या एका मोठ्या समालोचन-पत्रिकेंत १०४ पानांचा निबंध लिहिला. सर्व द्रव्यांच्या उत्पत्तीच्या आठ प्रक्रिया त्यांत एकत्र वर्णिल्या होत्या. चौघांच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘बी-स्क्वेअर-एफ-एच’ असें लाडकें नांव पडलें, व ताऱ्यांतील द्रव्यनिर्मितीविषयीं जो जो लिहील तो तो त्याचाच आधार देऊं लागला.

परिणाम असा झाला कीं, १९५४ चा निबंध झांकला गेला. या विषयांतील जाणते व फाउलर यांचेच शिष्य डोनल्ड क्लेटन यांनीं २००७ मध्यें ‘सायन्स’ पत्रांत ही गोष्ट स्पष्टपणें मांडली. जड ताऱ्यांतील मूळ द्रव्यनिर्मितीचा विचार १९५४ च्या निबंधांतच आहे. १९५७ च्या निबंधांत तो तितका नीट उतरलेलाच नाहीं. आणि तरीहि लोक उल्लेख करतात तो दुसऱ्याचा. क्लेटन यांनीं दिलेलें एक कारण मोठें मार्मिक आहे. हॉइल यांनीं आपला मुख्य विचार शब्दांत सांगितला, समीकरणाच्या रूपानें लिहिला नाहीं. समीकरण असतें तर त्यास ‘हॉइल-समीकरण’ असें नांव पडलें असतें, व तें उचलून घेणें सोपें गेलें असतें. १९८३ चें नोबेल पारितोषिक फाउलर व सुब्रह्मण्यम् चंद्रशेखर यांस विभागून मिळालें. हॉइल यांस मिळालें नाहीं. त्यामागें इतरहि कारणें सांगतात. पण उल्लेखांच्या वहीनें हॉइल यांची बाजू उचलून धरली नाहीं, हें खरें.

चंद्रशेखर यांचा स्वतःचा अनुभवहि याच जातीचा. श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानास कमाल मर्यादा आहे, हें सांगणारा त्यांचा १९३१ चा निबंध ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्यें अवघीं दोन पानें व्यापतो. १९३५ च्या जानेवारींत लंडनच्या सभेंत एडिंग्टन यांनीं त्या विचाराची थट्टा उडविली, आणि एडिंग्टन यांच्या शब्दाचा दरारा असा होता कीं, बहुतेक ज्योतिर्विदांनीं कित्येक वर्षें त्याकडे पाठ फिरविली. ज्या विचारावर आज न्यूट्रॉन तारे व कृष्णविवरें यांचें शास्त्र उभें आहे, त्याला प्रारंभींच्या मोजणींत फारसें कांहीं मिळालें नसतें. पुढें १९५२ पासून १९७१ पर्यंत चंद्रशेखर हेच त्या नियतकालिकाचे संपादक होते, व त्यांच्या हातीं तें जगांतील अग्रेसर नियतकालिक झालें.

आणखी एक विचित्र प्रकार आहे. जो शोध अगदीं यशस्वी होतो त्याचा उल्लेखच बंद पडतो! साहांचें समीकरण आज प्रत्येक विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतून शिकतो. तें वापरतांना १९२० च्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’चा आधार देणें कोणासहि आवश्यक वाटत नाहीं, जसा न्यूटनचा नियम वापरतांना कोणी न्यूटनच्या ग्रंथाचें पान सांगत नाहीं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनीं या प्रकाराचें स्वतंत्र वर्णन केलें आहे. ज्ञानांत जो पूर्ण विरघळला तो वहींतून पुसला गेला. उलट ताऱ्यांच्या याद्या, आकाशाच्या पाहणीचे वृत्तांत, उपकरणांचीं वर्णनें आणि आतां गणकयंत्रांच्या आज्ञावली यांचे उल्लेख सहस्रावधि होतात, कारण त्या प्रत्येकास हरघडी लागतात. तें काम मोलाचें नाहीं असें नव्हे. विहीर खणणाराचे उपकार पाणी पिणारानें मानलेच पाहिजेत. पण विहीर व विचार एकाच तराजूंत घातले जातात.

निबंधांचे रस्तेहि आतां पार बदलले आहेत. १९६९ मध्यें युरोपांतील जुनीं नियतकालिकें एकत्र होऊन ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स’ निघालें व फ्रेंच-जर्मन निबंधांची जागा हळूहळू इंग्रजीनें घेतली. १९९१ मध्यें पॉल गिन्स्पार्ग यांनीं छपाईपूर्वीं निबंध दूरसंदेशानें वांटण्याचें ‘आर्काइव्ह’ नांवाचें भांडार सुरू केलें; पुढच्याच वर्षीं त्यांत ज्योतिःशास्त्राचा विभाग निघाला. १९९३ पासून अमेरिकेच्या अंतराळसंस्थेच्या साहाय्यानें चालणारी ज्योतिःशास्त्राची सूचि सर्वांस खुली झाली. तिनें शंभर-दीडशें वर्षांचे जुने खंड पानपान टिपून ठेवले आहेत, व खेड्यांतील शिक्षकासहि चंद्रशेखरांचीं तीं दोन पानें आज विनामूल्य वाचतां येतात. साहांच्या काळीं हें असतें तर!

तरी पण रस्त्याचा प्रभाव नाहींसा झालेला नाहीं. आर्काइव्हच्या रोजच्या यादींत जे निबंध अगदीं आरंभीं येतात त्यांचे उल्लेख पुढें अधिक होतात, असें २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. कांहीं लेखक यादी उघडण्याची घटका साधून निबंध धाडतात, हें त्याचें एक कारण. वाचकांची नजर आधीं वरच जाते, हें दुसरें. आणि लेखकांची संख्या तर अशी वाढली आहे कीं, जमा कोणाच्या नांवावर टाकावी हाच प्रश्न पडावा. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचे तरंग व प्रकाश पृथ्वीवर पोहोंचले. त्या घटनेच्या संयुक्त निबंधावर साडेतीन हजारांहून अधिक नांवें आहेत. जुन्नर तालुक्यांतील खोडदच्या महाकाय रेडिओ-दुर्बिणीनेंहि ती घटना न्याहाळली होती.

खर्चाचा प्रश्न तर फिरून उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे. वाचकांस सर्व निबंध फुकट मिळावेत या स्तुत्य हेतूनें ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ २०२२ पासून आणि ‘मंथली नोटिसेस’ २०२४ पासून पूर्णपणें खुलें झालें. छपाईचा भार आतां वाचकाकडून लेखकाकडे गेला आहे. अमेरिकन नियतकालिक लेखकांकडून पानांचें शुल्क पूर्वींपासून घेतच असे. लंडनच्या नियतकालिकांत मात्र सामान्यतः लेखकास कांहीं द्यावें लागत नसे, आणि म्हणूनच अनेक देशांतील बेताच्या ऐपतीचे संशोधक तेथें वळत. गरीब देशांसाठीं शुल्कमाफीची सोय आहे. तथापि जो देश गरिबांच्या यादींत बसत नाहीं पण ज्याच्या महाविद्यालयापाशीं अशा कामासाठीं तरतूदहि नसते, तेथील अध्यापकानें शुल्क कोठून द्यावें, याचा विचार संपादक-मंडळांत व शास्त्रीय संस्थांत सध्यां चालू आहे.